‘कारणं तीन आहेत’... आणि पुढे पान कोरं!

गेल्या वर्षीची गोष्ट. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, रात्रीचा दीड वाजलेला, थर्मासमधला चहा संपलेला. आम्ही तिघं एका ओपन सोर्स प्रोजेक्टचा कोड उलगडून बसलो होतो. त्यातली एक गोष्ट सारखी खटकत होती. हा प्रोग्राम फाइल सेव्ह करताना सरळ जुन्या फाइलवर लिहायचाच नाही. आधी एक तात्पुरती फाइल तयार करायचा, सगळं तिच्यात लिहायचा आणि मग तिला जुन्या फाइलचं नाव द्यायचा. म्हटलं, कशाला हा द्राविडी प्राणायाम? थेट लिहा ना! दोन आठवडे खपून आम्ही तो भाग काढून टाकला. वेग वाढला, आमची छातीही फुगली.

बदल पाठवण्याआधी सहज म्हणून त्या प्रोजेक्टचं अर्काइव्ह चाळलं. जुन्या ओपन सोर्स प्रोजेक्टांची सगळी चर्चा मेलवर चालायची. एकाने लिस्टला मेल टाकला की तो सगळ्यांना जायचा आणि त्याची प्रत अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या मेलच्या दप्तरात, पडायची. आमचाच प्रश्न तिथे कुणीतरी कित्येक वर्षांपूर्वी विचारला होता. मूळ लेखकाने उत्तरही दिलं होतं. ‘हे मुद्दाम केलंय. कारणं तीन आहेत.’

आणि पुढे? काहीच नाही. मेल तिथेच संपलेला.

आधी वाटलं, बाबा घाईत असेल. पण तसं नव्हतं. त्याने मेल पूर्ण लिहिला होता. तो तोडला होता दप्तराने. आणि कशामुळे? एका शब्दामुळे.

त्याचं असं आहे. युनिक्सच्या जमान्यापासून मेल साठवायची एक साधी पद्धत आहे, एमबॉक्स. हजारो मेल एकाच लांबलचक टेक्स्ट फाइलमध्ये एकाखाली एक. मग एक मेल कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे कसं कळणार? खूण अशी ठरली की, ज्या ओळीची सुरुवात ‘फ्रॉम’ या इंग्रजी शब्दाने आणि त्यापुढच्या मोकळ्या जागेने होते, तिथून नवा मेल. पण इंग्रजीत लिहिणारा माणूस ‘फ्रॉम’ने वाक्य सुरू करणारच की! म्हणून मजकुरातल्या अशा ओळीच्या आधी ‘>’ हे चिन्ह लावायचं, असा तोडगा निघाला. जुन्या मेलमध्ये मध्येच हे चिन्ह उगाच दिसतं ना, ते यामुळे.

काही प्रोग्रामांनी ते चिन्ह लावलंच नाही. ही चूक लगेच दिसतेच असं नाही. काही वर्षांनी सर्व्हर बदलतो, त्या जुन्या फाइलवरून अर्काइव्हची पानं नव्याने तयार केली जातात आणि तेव्हा कात्री चालते. मेलचं शेपूट तुटून ‘विषय नाही’ असा एक अनाथ मेल तयार होतो. त्याला ना पाठवणारा, ना धड तारीख. बऱ्याचदा त्यावर पानं तयार केली त्या दिवसाचीच तारीख पडते. म्हणजे २००५ सालचं अर्धं वाक्य २०१५ मध्ये जाऊन बसतं!

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? जुने मेल वाचतंय कोण? आणि हल्ली तर एआयला विचारलं की झालं.

इथेच माझं म्हणणं वेगळं आहे. कोड वाचून कळतं की, काय केलंय. ‘का’ केलंय आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसरं काय मुद्दाम केलं नाही, हे कोडमध्ये क्वचितच असतं. ते असतं वादात, चर्चेत, कुणीतरी वैतागून लिहिलेल्या लांबलचक मेलमध्ये. तो मेल तुटला की प्रोजेक्टची स्मरणशक्तीच तुटते. मग आमच्यासारखे उत्साही लोक येतात आणि एकदा निस्तरलेली चूक ‘सुधारणा’ म्हणून परत घेऊन येतात. राहिला एआय. तो वाचणार हेच दप्तर. तिथे कारण अर्धवट असेल, तर उरलेलं तो ठोकून देईल आणि तेही इतक्या आत्मविश्वासाने की आपण मान डोलावू.

म्हणून मला वाटतं की, तुटलेले मेल सांधणं हे खरंखुरं ओपन सोर्स काम आहे. पण आपल्याकडे या कामाला भाव नाही. आपल्याला हवा असतो गिटहबवरचा हिरवा चौकोन. डिजिटलओशन कंपनीचं ‘हॅकटोबरफेस्ट’ आठवा. २०२० मध्ये फुकट टी-शर्टसाठी लोकांनी रीडमी फाइलमध्ये एखाद-दुसरा निरर्थक शब्द घुसडून इतक्या पुल रिक्वेस्ट पाठवल्या की, ऑक्टोबर अर्ध्यावर यायच्या आत नियमच बदलावे लागले. ज्यांना भाग घ्यायचाय त्यांनीच नाव द्यावं, असं ठरलं. त्या गर्दीत भारतीय विद्यार्थीही होते, हे आपण कबूल करायला हवं. २०२३ मध्ये टी-शर्टही बंद झाला. दुसऱ्याचा वेळ खाऊन आपला बायोडेटा भरायचा, याला योगदान नाही म्हणत.

मेल सांधायचं काम याच्या बरोबर उलट आहे. ते दिसत नाही, पण अक्कल मागतं. जीएनयू मेलमन हे मेलिंग लिस्ट चालवणारं प्रसिद्ध सॉफ्टवेअर. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीसोबत ‘क्लीनआर्च’ नावाची स्क्रिप्ट यायची. ‘फ्रॉम’ची ओळ खरंच मेलच्या सुरुवातीसारखी दिसते का, तिच्याखाली मेलचं हेडर आहे का, हे ती तपासते. नसेल तर त्या ओळीआधी ‘>’ लावते. काही न बदलता नुसतं तपासून बघायची सोयही तिच्यात आहे. ऐकायला सोपं वाटतं, पण खरी मेख पुढे आहे. पानं पुन्हा तयार केली की, अनाथ मेल नाहीसे होतात आणि त्यांच्यानंतरच्या सगळ्या मेलचे क्रमांक सरकतात. म्हणजे एक मेल दुरुस्त करताना शेकडो जुन्या लिंका भलत्याच मेलवर जाऊ शकतात. करायला गेलो एक अन् झालं भलतंच!

म्हणून पहिला नियम : मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवायची. दुसरा : आधी तपासायचं, मग बदलायचं. तिसरा आणि सगळ्यात मोठा : गाळलेलं आपल्या अंदाजाने भरायचं नाही. ‘ध’चा ‘मा’ कसा होतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. मजकूर मिळाला तर जोडा, नाही मिळाला तर इथे तुटलंय असं सरळ लिहा.

मजकूर बऱ्याचदा मिळतो. लिनक्स कर्नलचं ‘लोअर’ हे अर्काइव्ह २०१८ मध्ये उभं राहिलं, तेव्हा लोकांनी आपापल्या इनबॉक्समध्ये जपलेले जुने मेल आणून दिले. तिथे लिंकमध्ये क्रमांक नसतो. प्रत्येक मेलचा स्वतःचा मेसेज-आयडी असतो, त्यामुळे सरकायचा प्रश्नच नाही. शिवाय कुणीही सगळ्या दप्तराची प्रत उतरवून घेऊ शकतो. एकाच ठिकाणी, एकाच प्रतीवर विसंबू नये, हा धडा मेलमनच्या जन्मातच आहे. त्याचा मूळ लेखक जॉन व्हिएगा याच्याकडची सोर्स कोडची प्रत १९९८च्या सुमारास हार्ड ड्राइव्ह बिघडल्याने गेली होती.

या कामाने प्लेसमेंट मिळेल का? खरं सांगायचं तर माहीत नाही. इंटरव्ह्यूत कुणी विचारणारही नाही कदाचित. पण दुसऱ्याने केलेलं काम न मोडता दुरुस्त कसं करायचं, हे कुठल्या सिलॅबसमध्ये शिकवतात? नोकरीत तर बहुतेक वेळ तेच करायचं असतं.

आमचं काय झालं? आम्ही अर्काइव्ह सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाला लिहिलं. तुटलेल्या मेलची लिंक, अनाथ तुकड्याची लिंक आणि कुठल्या ओळीवर तुटलंय ते. नऊ दिवसांनी उत्तर आलं. मूळ फाइलमध्ये सगळा मजकूर शाबूत होता. पुढचा परिच्छेद ‘फ्रॉम द युजर्स पॉइंट ऑफ व्ह्यू’ असा सुरू होत होता, बस्स. एक चिन्ह लागलं आणि तिन्ही कारणं परत आली. लिहिता लिहिता दुसऱ्या प्रोग्रामने ती फाइल वाचली, तर त्याला अर्धीच मिळेल. डिस्क भरली तर जुनं पुसलेलं असेल आणि नवं मावणार नाही. आणि मध्येच लाइट गेली तर दोन्ही जातील.

आम्ही आमची ‘सुधारणा’ गुपचूप डिलीट केली. प्रोजेक्टमध्ये आमच्या नावावर एकही ओळ नाही. पण पुढच्या वेळी रात्री दीड वाजता कुणी हाच प्रश्न घेऊन तिथे पोहोचलं, तर त्याला पूर्ण उत्तर मिळेल.