पहिली लँग्वेज कोणती?

तर झालं असं की २०२३च्या दिवाळीत सेलूला मामाकडे गेलो होतो. मामाचं दुकान पाइप, मोटारी आणि ठिबकच्या सामानाचं. फराळाला बसलो असताना मामेभावाने विचारलं, "दादा, दुकानाची वेबसाइट मीच करतो म्हणतोय. कुठली लँग्वेज शिकू?"

तोंडात चकली होती, तरी मी सांगून टाकलं, "जावा शीक. स्प्रिंग बूट." का? तर मी ऑफिसात तेच करतो म्हणून!

पोराने आठ महिने घातले. लॉगिन झालं, पासवर्ड विसरल्यावरची सोय झाली. पण ते चालवायला वेगळा सर्व्हर भाड्याने घेऊन सांभाळावा लागतो, हे मी बोललोच नव्हतो. मामा दर फोनला विचारायचा, "तुमचं ते दुकान कधी उघडणार?" शेवटी भाऊ म्हणाला, "आपल्याला नाही जमत दादा हे." हे वाक्य मला फार लागलं. चूक त्याची नव्हतीच.

म्हणून आता माझं मत, ऑफिसातले मित्र हसले तरी चालेल : छोट्या धंद्याच्या साइटसाठी पहिली भाषा पीएचपी. रास्मुस लेर्डोर्फने १९९४ मध्ये ती स्वतःच्या वेबपानासाठी सुरू केली, १९९५ मध्ये लोकांना दिली, आणि नावही तेव्हा 'पर्सनल होम पेज' असंच होतं. स्वस्तातल्या साध्या होस्टिंगवर ती मायएसक्यूएलसकट तयारच मिळते. फाइल टाकली की पान दिसतं. शिकणाऱ्याला पहिल्याच संध्याकाळी काहीतरी दिसणं फार गरजेचं असतं हो.

भाषा देखणी नाही, मान्य. एका फंक्शनमध्ये शोधायची गोष्ट आधी, दुसऱ्यात नंतर. पाठ करत बसा. जुन्या धड्यांपासूनही जपा. ज्यात 'मायएसक्यूएल क्वेरी' दिसेल तो सरळ बंद करा, ती फंक्शन्स २०१५ च्या पीएचपी ७ मध्येच काढून टाकली आहेत. पीडीओ आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट पहिल्या दिवसापासून वापरा, नाहीतर कुणीही फॉर्ममधून तुमच्या डेटाबेसात शिरेल.

यंदा आम्ही दोघांनी दोन शनिवार-रविवार बसून साइट उभी केली. सामानाची यादी, भाव, फोन नंबर. बस. भाव मामा स्वतः मोबाइलवरून बदलणार.

तिसऱ्या दिवशी मामाचा फोन. "अरे लेका, पाइप फुकट वाटायलास का रे? जिंतूरहून गिऱ्हाईक विचारतंय!"

साइटवर भाव शून्य रुपये! मामाने '४५०' देवनागरीत टाइप केलं होतं, आणि पीएचपीत त्याचा पूर्णांक करायला गेलं की शून्य मिळतो, तेही मुकाट्याने. गंमत म्हणजे जावाचं 'पार्स इंट' देवनागरी आकडे बरोब्बर वाचतं, पायथनसुद्धा. म्हणजे माझा जुना सल्ला निदान एवढ्यापुरता बरोबर होता म्हणायचा!

मी म्हटलं, "मामा, इंग्रजी आकडे टाकत जा ना." पलीकडून भाऊच म्हणाला, "राहू दे दादा, मी करतो." आकडे बदलून घेणारी एक ओळ त्याने लिहिली, शून्य भाव आला तर सेव्हच होणार नाही अशी दुसरी घातली, आणि अर्ध्या तासात मला लिंक पाठवली.

मामा अजून देवनागरीतच भाव टाकतो.