हवाई प्रवासाचा खरा हिशेब

विमानाच्या तिकिटावर छापलेला वेळ हा दोन विमानतळांमधला असतो. व्यापाऱ्याचा वेळ मात्र आपल्या दुकानाच्या शटरपासून ठोक बाजारातील गादीपर्यंत मोजावा लागतो. ईदचा सीझन तोंडावर आला की आपले दुकानदार आणि शिलाई कारखानदार घाईने विमानाकडे वळतात. जरूर वळावे, पण हिशेब करून, असे आम्हांस वाटते.

अहमदाबादचेच घ्या. लोहगावहून तेथील विमानतळ सरळ रेषेत सुमारे ५१५ किलोमीटर आहे. ताशी ८०० किलोमीटर वेगाने चाळीस मिनिटे पुरावीत, तरी वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास वेळ असतो. यात लबाडी नाही. विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभे राहीपर्यंतचा हा वेळ आहे. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे, रांगेत थांबणे सारे त्यात आले. शिवाय लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे. २०२४ साली नवे टर्मिनल सुरू झाले, पण धावपट्टी तीच राहिली.

आता यात आपला वेळ मिळवा. रविवार पेठेतून गर्दीतून लोहगाव गाठायला एक तास. दोन तास आधी हजेरी. उतरून सामान घ्यायला अर्धा तास, पुढे बाजार गाठायला पाऊण तास. सव्वा तासाची सफर साडेपाच तासांची झाली आणि दिवसाची खरेदी अर्ध्यावर आली. याउलट रात्रीची गाडी ज्या दिवशी असते, त्या दिवशी झोपेत प्रवास होतो आणि सकाळी आपण कालुपूर स्टेशनवर उतरतो. मस्कती मार्केट तेथून जवळच आहे.

दिल्लीचा हिशेब वेगळा. अंतर सुमारे साडेअकराशे किलोमीटर, उड्डाण दोन तासांच्या आसपास. वरचे सारे तास धरूनही दुपारपर्यंत गांधीनगरच्या रेडिमेड बाजारात पोचता येते. रेल्वेने जवळपास एक दिवस जातो. मात्र डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात सकाळच्या विमानाचा भरवसा धरू नये. कोलकात्याच्या मटियाबुर्जला जाणाऱ्यांनाही विमान परवडते, कारण आझाद हिंद एक्स्प्रेसला एका दिवसाहून अधिक लागतो. परतताना पश्चिमेचा वारा समोरून येतो म्हणून वेळ थोडा जास्त लागतो, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक बाब. देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा १५ किलोच सामान चालते. तेव्हा नमुने सोबत आणावेत, माल ट्रान्सपोर्टनेच यावा.

पुरंदरचा नियोजित विमानतळ पेठांपासून लोहगावहून दूर पडेल. म्हणून तेथील धावपट्टीबरोबरच बाजारपेठेतून थेट बससेवेची मागणी व्यापारी संघटनांनी आतापासून लावून धरावी. आकाशात वाचलेली मिनिटे रस्त्यावर गमावली, तर त्यात नफा कोणाचा?