यंत्रांशी गट्टी : गुंता खाली, दुखणं वर!

मित्रमैत्रिणींनो, या आठवड्याच्या टपालात सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. तिची आई घरी मशीनवर भरतकाम करून देते. मैत्रीण लिहिते, ‘मशीन मधूनच कापडाखाली दोऱ्याचं घरटं करतं. आई बॉबिन काढते, पुन्हा घालते, तरी तेच! उसवलं की कापडावर भोकं राहतात, आणि कापड तर गिऱ्हाइकाचं. मी काही मदत करू शकते का?’

हो, नक्की करू शकतेस! फक्त आधी एक कोडं सोडवूया. घरटं खाली होतं, म्हणून सगळे बॉबिनलाच रागावतात. पण चोर बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर असतो!

कसा ते पाहा. मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा. एक वरच्या रिळाचा, दुसरा खालच्या बॉबिनचा. सुई कापडातून खाली जाऊन वर यायला लागली, की तिच्या दोऱ्याचा छोटा फास होतो. खालचा फिरता आकडा तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवून आणतो. आता हा सैल दोरा वर कोण खेचणार? सुईच्या वर तो दांडा वरखाली नाचताना दिसतो ना, तो! पण त्याने खेचताना मागून दोरा कुणीतरी धरायला हवा. हे काम टेन्शनच्या दोन चकत्यांचं. त्यांनी दोरा धरलाच नाही, तर दांडा रिळातला नवा दोरा ओढत बसतो आणि खालचा सैल दोरा खालीच राहतो. झालं घरटं तयार!

ही दोन दोऱ्यांची युक्ती जुनी आहे बरं का. अमेरिकेत इलायस हाउ यांनी १८४६ साली अशा मशीनचं पेटंट घेतलं. हातसुईचं भोक मागे असतं, त्यांच्या सुईचं होतं टोकाशी. पुढे १८६३ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या इसाक ग्रोब्ली यांनी याच युक्तीवर भरतकामाचं मोठं मशीन बनवलं. त्याचं नाव शिफ्ली, म्हणजे छोटी होडी. कारण त्यातला खालच्या दोऱ्याचा धोटा होडीसारखा दिसायचा!

आता कामाला लागूया. आई किंवा बाबा शेजारी हवेतच. विजेचं मशीन असेल तर आधी पिन काढा, पायाचं असेल तर पायट्यावरून पाय काढा. आणि हाच क्रम ठेवा :

१) वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा. ओवताना मशीनचा पाय वर उचललेला हवा. बहुतेक मशीनवर पाय वर असला की चकत्या सैल होतात आणि दोरा नीट आत बसतो. नाचऱ्या दांड्याच्या भोकातून दोरा गेलाय ना, तेही बघा.

२) सुई तपासा. ती वाकडी किंवा बोथट असेल तर बदला. दोऱ्याचा एकच तुकडा टाक्यात बसण्याआधी सुईच्या भोकातून अनेकदा पुढेमागे घासला जातो. भोक खरखरीत असलं, की दोरा पिंजून तुटतो. सुईला एका बाजूला लांब खाच असते. दोरा त्या बाजूने ओवायचा.

३) लव काढा. पाय वर ठेवून सुती कापडाची पातळ पट्टी चकत्यांमधून अलगद फिरवा. बॉबिनच्या घरातली लव लहान ब्रशने काढा. तोंडाने फुंकू नका, लव आणखी आत जाते. आणि हो, चकत्यांना तेल मुळीच नको! त्या दोरा धरतात घर्षणाने. तेल लावलं तर दोरा निसटेल आणि कापडावर डागही पडेल.

४) टेन्शनचा स्क्रू सगळ्यात शेवटी. आधीच तो पिळला तर खरं दुखणं लपतं, आणि पूर्वी तो कुठे होता तेही आठवत नाही.

बॉबिनसाठी एक गंमतशीर परीक्षा आहे. बॉबिन भरलेली केस दोऱ्याला धरून लोंबकळू द्या. आपोआप घसरत खाली आली तर ती सैल आहे. हलका झटका दिल्यावर जराशीच उतरली तर ठीक. झटका देऊनही हललीच नाही तर ती घट्ट आहे. केसचा चिमुकला स्क्रू आईने फिरवावा, तोही अगदी थोडा आणि ताटलीवर धरून. पडला तर सापडायला नको का?

शेवटी चिंधीवर भरीव टाक्याची एक पट्टी काढा आणि उलटी करा. मधल्या साधारण एक तृतीयांश भागात बॉबिनचा दोरा आणि दोन्ही कडांना वरचा रंगीत दोरा दिसला, की पास! खाली सगळा रंगीतच दोरा दिसला तर वरचं टेन्शन सैल आहे. बॉबिनचा दोरा कापडाच्या वर डोकावला तर वरचं टेन्शन जास्त घट्ट आहे.

आईबाबांनो, एवढं करूनही घरटं झालंच, तर आकड्याला ओरखडा असू शकतो. ते काम मेकॅनिकचं. पण काय काय करून पाहिलं ते चिरंजीवांनी किंवा कन्येने त्यांना सांगावं, शोधाशोध वाचेल.

आणि पत्रलेखक मैत्रिणी, एक कायमचा नियम लक्षात ठेव. गिऱ्हाइकाच्या कापडाआधी नेहमी चिंधी! चिंधीवरची भोकं कुणी मोजत नाही.