नाव जीपचे, चाल मोटारीची

देशात विकल्या जाणाऱ्या दर शंभर प्रवासी मोटारींपैकी सुमारे पासष्ट मोटारी आता 'युटिलिटी' वर्गात मोडतात, असे वाहन-उत्पादकांच्या संघटनेचे २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे आकडे सांगतात. त्यांतील बहुसंख्य गाड्या सर्वजण जिला 'एसयूव्ही' म्हणतात त्या जातीच्या. उंच बैठक, रुंद छाती, चाकांभोवती काळ्या प्लास्टिकची जाड किनार आणि छपरावर सामान बांधण्याच्या दांड्या. पाहणाऱ्यास वाटावे, हे वाहन आताच सह्याद्रीचा एखादा कडा चढून आले आहे. वस्तुस्थिती अशी की, यांतील बहुतेक वाहने डांबरी रस्ता सोडून कधी खाली उतरत नाहीत, आणि उतरलीच तर त्यांना वर काढण्यास ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

या वाहनांचा मूळपुरुष निराळ्या मातीचा होता. १९४० मध्ये युरोपात युद्ध पेटले असता अमेरिकन लष्कराने टेहळणीसाठी हलके, चारही चाकांना गती मिळेल असे वाहन मागविले. बँटम या लहानशा कंपनीने पहिला नमुना ४९ दिवसांत सिद्ध केला आणि पुढे विलीज व फोर्ड या कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. जीपची लांबी अवघी ३.३६ मीटर. तिला दारे नव्हती, छत कापडी होते आणि पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येई. ब्रिटनमध्ये रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर युद्धातली अशीच एक जीप वापरीत. तिला स्वदेशी पर्याय हवा म्हणून १९४८ मध्ये लँड रोव्हर जन्मास आली. पोलादाची टंचाई होती, म्हणून तिचे पत्रे अॅल्युमिनियमचे केले. म्हणजे या गाड्यांचे रूप कोणी मुद्दाम घडविलेले नव्हते. कामाने आणि टंचाईने ते घडविले होते.

आपल्याकडे १९४७ पासून महिंद्र यांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. (या कंपनीच्या मूळ नावातील दुसरे भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि पुढे तेथील गव्हर्नर-जनरल झाले, हेही जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.) त्यानंतरची कित्येक दशके जीप म्हणजे सरकारी कामाची, धरणाची, जंगलाची गाडी. तिच्यात बसून हाडे खिळखिळी होत, परंतु जेथे बैलगाडी जाई तेथे जीपही जाई.

हे साधत होते ते तिच्या अंतर्रचनेमुळे. शिडीसारख्या पोलादी चौकटीवर वरचा सांगाडा बोल्टने बसविलेला. पुढच्या-मागच्या दोन्ही अक्षांना इंजिनाची शक्ती वाटून देणारी दुसरी पेटी. आणि त्या पेटीत एक अतिमंद गती, जिच्यात इंजिन जोराने फिरत असले तरी चाके मुंगीच्या चालीने, पण दुर्दम्य ताकदीने फिरत. चिखलात हीच मंद गती उपयोगी पडते. आजच्या कौटुंबिक एसयूव्हीत बहुधा यांतले काहीच नसते. तिचा सांगाडा एकसंध, साध्या मोटारीसारखाच, आणि शक्ती जाते ती केवळ पुढच्या दोन चाकांना. पुढची चाके वाळूत रुतली की मागची दोन केवळ ओझे म्हणून उरतात.

हे स्थित्यंतर एका दिवसात झाले नाही. जीपच्याच नावाने निघालेल्या १९८४ च्या चेरोकीने शिडीची चौकट सोडून एकसंध सांगाडा घेतला. तिने चारही चाकांची गती मात्र टाकली नव्हती. १९९४ च्या टोयोटा 'आरएव्ही-४' ने सरळसरळ मोटारीचे अवयव घेऊन वर उंच अंगरखा चढविला. अमेरिकेत १९७५ च्या इंधनबचत कायद्याखाली 'हलक्या ट्रक' वर्गातील वाहनांना मोटारींपेक्षा सौम्य नियम लागले, आणि कुटुंबाची गाडी ट्रकच्या नावाखाली विकणे कारखानदारांच्या सोयीचे झाले. आपल्याकडे सफारीचे उदाहरण बोलके आहे. १९९८ च्या सफारीला चारही चाकांच्या गतीचा पर्याय होता. २०२१ मध्ये तेच नाव धारण करून आलेली गाडी केवळ पुढच्या चाकांवर चालते.

आमच्या सरकारची करव्यवस्था या कथेत विनोदी पात्राची भूमिका करते. चार मीटरांच्या आतील लहान इंजिनाच्या गाडीला कर कमी, म्हणून २०१६ ची ब्रेझा नेमकी ३,९९५ मिलिमीटर लांब निघाली. थार ही आजच्या बाजारातील जीपची खरी वारस. परंतु २०२३ च्या जानेवारीत तिचीही लहान डिझेल इंजिनाची आणि केवळ मागच्या चाकांना गती देणारी आवृत्ती आली, ती याच कररेषेच्या आत बसण्यासाठी. २०२२ च्या डिसेंबरात जीएसटी परिषदेने एसयूव्ही म्हणजे काय हे स्पष्ट केले, तेव्हा चार अटी ठरल्या: इंजिन दीड हजार सीसीहून मोठे, लांबी चार मीटरहून अधिक, जमिनीपासून उंची १७० मिलिमीटर वा अधिक, आणि लोकांत ती एसयूव्ही म्हणून ओळखली जात असावी! चिखलातून वर येण्याची क्षमता ही अट कोणाला सुचली नाही. २०२५ च्या सप्टेंबरात उपकर गेला, १८ व ४० टक्के असे दोन दर आले. लांबी आणि इंजिनाचे गणित तेवढे राहिले.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. एकसंध सांगाड्याची गाडी वजनाने हलकी असते, वळणावर कमी कलंडते आणि अपघाताचा धक्का अंगावर घेऊन आतल्या माणसांना वाचविते. जुन्या जीपमध्ये या गोष्टींचा पत्ताच नव्हता. शिवाय आमच्या रस्त्यांवर पावसाळ्यात पडणारे खड्डे पाहता कोणी गृहस्थाने आईवडिलांच्या कंबरेचा विचार करून उंच गाडी घेतली, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्याच्या निवडीत सार्वजनिक बांधकाम खात्याचाही हातभार आहेच.

प्रश्न उभा राहतो तो गाडीबाहेरच्या माणसाचा. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्यांच्या बॉनेटची उंची चाळीस इंचांहून अधिक आहे अशा वाहनांची धडक बसलेला पादचारी दगावण्याची शक्यता बसक्या, उतरत्या नाकाच्या मोटारींच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. बसकी मोटार पायांना लागते, उंच गाडी छातीला. आमच्या खेड्यांतील रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना कुंपणाच्या भिंती आणि पदपथ नाही. शाळेतून येणारे मूल तेथे भिंतीशी चिकटून उभे राहते. पॅरिसच्या मतदारांनी २०२४ च्या फेब्रुवारीत अशा जड गाड्यांचे वाहनतळ-शुल्क तिप्पट करण्यास कौल दिला. मतदान अत्यल्प झाले हे खरे, परंतु रस्त्यावरची जागा फुकट नसते हे एका मोठ्या शहराने मान्य केले.

जीपचे खरे काम पाहावयाचे असेल तर ते आजही कुळे येथे पाहावयास मिळते. तेथून दूधसागरकडे जाणाऱ्या गाड्या भगवान महावीर अभयारण्यातून ओढ्यांचे पाणी कापीत जातात. चालकांना त्या वाटेचा दगड न् दगड ठाऊक असतो, आणि पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. याउलट चित्र उत्तरेच्या किनाऱ्यावर दिसते. किनाऱ्यावर वाहन नेण्यास मनाई असताना भाड्याची उंच गाडी घेऊन पर्यटक सरळ वाळूत शिरतात. जाहिरातीत त्यांनी तशीच गाडी लाटा उडवीत धावताना पाहिलेली असते. थोड्याच वेळात चाके रुततात, भरती येते, आणि स्थानिक मच्छीमार दोर घेऊन मदतीला धावतात. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे किनारे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा आहेत. वाळूखालची घरटी वरून दिसत नाहीत. दीड टनाच्या चाकाखाली ती दबली तरी चालकाला कळणारही नाही.

किनाऱ्यावर सापडलेल्या चालकाकडून दंड घेऊन प्रकरण मिटविण्याची रीत आता पुरे. गाडी भाड्याने देणाऱ्याचा परवानाही त्याच प्रकरणात तपासला जावा, आणि ही गाडी दोन चाकांची की चार चाकांच्या गतीची, हे भाड्याच्या कागदावर ग्राहकाला मराठी, कोंकणी, हिंदी आणि इंग्रजीत लिहून द्यावे. किनाऱ्याकडे जाणाऱ्या मोकळ्या वाटांवर अडसर बसविण्याचे काम पंचायतींवर सोपवून वनखात्याने हात झटकू नयेत. कासवे साधारण नोव्हेंबरपासून किनाऱ्यावर येऊ लागतात. अडसर त्यापूर्वी उभे राहिले पाहिजेत.