एका डोळ्याची भरपाई आणि पहिल्या दिवसाचा केसपेपर

पाऊस ओसरला की रत्नागिरी, लांजा, राजापूर या पट्ट्यात आंबा-काजूच्या बागांची साफसफाई सुरू होते. पूर्वी कोयत्या-विळ्याने होणारे हे काम आता ग्रास कटरने होते. कातळावरच्या बागेत हे यंत्र फिरते तेव्हा पात्याखाली गवताबरोबर जांभ्याचे खडेही येतात. एखादा खडा किंवा पात्याचाच कपचा उडतो आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यात घुसतो. त्याच्या डोळ्यांवर बहुधा काहीच नसते. फार तर जत्रेतला काळा चष्मा असतो आणि तो फुटला तर इजा आणखी वाढते. पाठोपाठ भातकापणी येते आणि लोंबीचे कुसळ बुबुळाला लागते. एप्रिल-मेमध्ये झेल्याने आंबा उतरवताना देठाचा चीक डोळ्यात पडतो. चिरेखाणीतले उडते कण आणि वेल्डिंगच्या ठिणग्या तर बारा महिने चालू असतात.

अशा रुग्णाचा डोळा वाचवण्याची धडपड रुग्णालयात होते. ती दर वेळी यशस्वी होत नाही. मग महिना-दोन महिन्यांनी तो किंवा त्याची बायको पुन्हा येते आणि विचारते, ‘साहेब, काही पैसे मिळतील का?’ हा प्रश्न भरपाईचा असला तरी त्याचे उत्तर बऱ्याचदा पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर अवलंबून असते. तो कागद अनेकदा अर्धवट लिहिलेला असतो आणि काही वेळा चक्क खोटा असतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, या संहितेने भरपाईच्या कक्षेत आणला. चर्चा झाली ती मुख्यतः ग्रॅच्युइटी आणि नेमणूकपत्राची. इजांच्या यादीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ही यादी शंभर वर्षांच्या जुन्या कायद्यातून पुढे आलेली आहे आणि तिच्यात डोळ्याचा भाव टक्क्यांत लिहिला आहे.

ज्या कामाला दृष्टी लागते असे कोणतेही काम करता येऊ नये इतकी दृष्टी गेली, तर कमाईची क्षमता १०० टक्के गेली असे मानतात. एक डोळाच काढावा लागला आणि दुसरा निरोगी असला तर ४० टक्के. डोळा जागेवर आहे पण त्याची दृष्टी गेली, तर ३० टक्के. एका डोळ्याची दृष्टी अंशतः गेली तर १० टक्के.

याचा रुपयांत अर्थ असा. जुन्या कायद्यानुसार पूर्ण अपंगत्वाला मासिक वेतनाच्या ६० टक्के रक्कम वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. २०२० च्या अधिसूचनेने या हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५ हजार रुपये केली. वयाच्या तिशीचा गुणक २०७.९८ आहे. म्हणजे महिना १५ हजार मिळवणाऱ्या तीस वर्षांच्या माणसाचे दोन्ही डोळे गेले तर १८ लाख ७१ हजार ८२० रुपये. एका डोळ्याची दृष्टी गेली तर त्याच्या ३० टक्के, म्हणजे ५ लाख ६१ हजार ५४६ रुपये. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च यापेक्षा वेगळा आणि तोही मालकानेच द्यायचा. चूक मालकाची होती हे सिद्ध करावे लागत नाही. इजा कामामुळे आणि कामावर असताना झाली, एवढे दाखवले की पुरते.

याच डोळ्याचा भाव दुसऱ्या योजनेत वेगळा आहे. राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत दोन डोळे निकामी झाले तर २ लाख आणि एक झाला तर १ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत करायचा. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून घेणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेतही आकडे हेच आहेत, फक्त दृष्टी ‘पूर्णपणे आणि कायमची’ गेलेली असावी लागते. मुंबई-गोवा महामार्गावर अनोळखी गाडीने उडवले आणि ती पळून गेली, तर गंभीर दुखापतीला ५० हजार.

आणि अपंगत्वाचा दाखला? तिथे एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला तर ३० टक्के अपंगत्व धरतात. आरक्षण आणि बहुतेक सवलती मात्र ४० टक्क्यांपासून सुरू होतात. फौजदारी कायदा कोणत्याही एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणे ही ‘जबर दुखापत’ मानतो, कामगार कायदा त्याला साडेपाच लाखांपर्यंत नेतो आणि दिव्यांगांच्या खिडकीवर तोच माणूस दहा टक्क्यांनी कमी पडतो. दाखल्यावर ४० टक्के लिहून द्या म्हणून डॉक्टरांच्या विनवण्या होतात त्या यामुळेच. तसे लिहिता येत नाही. पण भरपाईच्या दाव्याला हा ४० चा उंबरठा नाहीच, ही गोष्ट त्या रुग्णाला क्वचितच कोणी सांगते. तीस टक्क्यांचा दाखला हाती पडल्यावर ‘आपल्याला काही मिळत नाही’ असे समजून तो घरी जातो.

शेतकरी योजनेची एक अडचण खास कोकणातली आहे. लाभ सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला मिळतो. इथला सातबारा म्हणजे सामाईक नावांची लांबलचक माळ. निम्मे मुंबईला, काही कैलासवासी, आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव कधी त्या माळेत असते, कधी नसते. शिवाय बागेत काम करणारा माणूस बहुतेक वेळा जमिनीचा मालक नसतोच. रत्नागिरीच्या आंबा बागा आज मोठ्या प्रमाणावर नेपाळी गुरख्यांच्या भरवशावर चालतात. राखण, फवारणी, झाडावरची काढणी हे सगळे तेच करतात. मच्छीमार नौकांवरही नेपाळी आणि परप्रांतीय खलाशी आहेत. या माणसांना शेतकरी योजनेत जागा नाही. त्यांच्यासाठी खरा आधार आहे तो कामगार भरपाईचाच.

इथे एक मोठा गैरसमज आड येतो. रोजंदारीवर आलेल्या, नोंद नसलेल्या माणसाला असा हक्क नाही, असे मालकही मानतो आणि मजूरही. ‘नैमित्तिक कामगार’ हा अपवाद २००० सालच्या दुरुस्तीने कायद्यातून काढून टाकला. बागायत, यंत्राने केलेली शेती, मासेमारी ही कामे जुन्या कायद्याच्या यादीत होतीच. माणूस कोणाकडे कामाला होता हे दाखवता आले पाहिजे, एवढेच.

आणि घोडे अडते ते नेमके याच ठिकाणी. जखमी मजुराला रुग्णालयात आणतो तो मालक किंवा मुकादम. गाडी त्याची, औषधाचे पैसे त्याचे. केसपेपर काढताना ‘कसे लागले?’ या प्रश्नाचे उत्तरही तोच देतो. घरी लाकूड फोडताना लागले, पाय घसरून पडला, असे काहीतरी. मजूर मान हलवतो. पुढच्या हंगामात पुन्हा याच माणसाकडे यायचे असते, पोलिसांची भानगड नको असते, आणि मालक प्रत्येक वेळी दुष्ट असतो असेही नाही. दहा-पंधरा कलमांच्या छोट्या बागायतदाराला पाच लाखांचा आकडा ऐकूनच घाम फुटेल. त्यासाठी विमा उतरवता येतो, पण तो उतरवलेले बागायतदार थोडे. सहा महिन्यांनी डोळ्यात फूल पडून दृष्टी गेल्याचे नक्की झाले की मजूर खरी हकीगत सांगतो आणि समोरचा वकील पहिला केसपेपर पुढे करतो. त्यावर ‘घरी पडला’ असे लिहिलेले असते.

म्हणून पहिल्या नोंदीत काय असावे हे रुग्णाने आणि डॉक्टरने, दोघांनीही जाणून घेतले पाहिजे. तारीख, वेळ, ठिकाण, कोणाच्या कामावर, कोणत्या अवजाराने. दोन्ही डोळ्यांची दृष्टी वेगवेगळी मोजलेली, ६/६, ६/६० अशा आकड्यांत. ‘दृष्टी कमी’ या दोन शब्दांचा दाव्यात काही उपयोग नाही. निरोगी डोळ्याची नोंद तितकीच महत्त्वाची, कारण टक्केवारी ‘दुसरा डोळा चांगला’ या गृहीतावर उभी आहे. घाईच्या अपघात विभागात ही नोंद सुटते आणि तो दोष रुग्णाचा नाही. कामावरच्या इजेची मेडिको-लीगल नोंद केली की पोलिसांकडे माहिती जाते. रुग्णाला तिची भीती वाटते, पण पुढे दाव्याला आधार मिळतो तो याच नोंदीचा.

आणखी एक प्रश्न हमखास निघतो, हा डोळा आधीपासूनच अधू नव्हता कशावरून? मोतीबिंदू, लहानपणीचा आळशी डोळा, जुना मार, काहीही असू शकते. ज्याची पूर्वी कधी तपासणीच झाली नाही त्याला उत्तर देता येत नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वी ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याकडून दृष्टी मोजून तो कागद जपून ठेवला, तर हा वाद उरत नाही.

कारखान्यात किंवा गावात एकदम अनेकांना त्रास झाला की नोंदी आपोआप होतात. डिसेंबर २०२४ मध्ये जयगड परिसरात वायुगळतीनंतर शाळकरी मुलांना डोळ्यांची जळजळ आणि श्वासाचा त्रास झाला तेव्हा प्रशासन, पोलीस, पत्रकार सगळे पोहोचले. ते योग्यच झाले. एकट्या मजुराच्या डोळ्यात रसायन उडते तेव्हा यांपैकी कोणी नसते.

गॉगल घातला नव्हता म्हणून भरपाई नाही, हे उत्तर मजुरांना सर्रास दिले जाते. कायद्यात तसा बचाव आहे, पण तो तितका सोपा नाही. सुरक्षेसाठी स्पष्ट सूचना दिली होती, साधन हातात दिले होते आणि कामगाराने ते जाणूनबुजून टाळले, हे मालकाला दाखवावे लागते. गॉगल दिलाच नसेल तर हा मुद्दा उभा राहत नाही. दोन्ही डोळे जाऊन पूर्ण अपंगत्व आले असेल तर हा बचाव मुळीच चालत नाही. हातावर थोडी रक्कम ठेवून कोऱ्या कागदावर घेतलेल्या अंगठ्यानेही जबाबदारी संपत नाही. जुन्या कायद्यात असा करार आयुक्तांकडे नोंदवावा लागे आणि नोंदवला नसेल तर मालक पूर्ण रकमेला बांधील राही. दाव्यासाठी त्या कायद्यात दोन वर्षांची मुदत होती, अजूनही तीच धरून चालणे शहाणपणाचे. वकिलाची फी परवडत नसेल तर औद्योगिक कामगार, महिला, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमाती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या वाहन अपघाताच्या खटल्यात एक भेद नीट समजावून सांगितला. डॉक्टर सांगतो ते शरीराच्या अपंगत्वाचे टक्के. कमाई किती बुडाली हे त्या माणसाच्या धंद्यावरून न्यायाधिकरणाने ठरवायचे. एक डोळा गेलेला कारकून लिहीत राहू शकतो. पण खोलीचा अंदाज दोन्ही डोळ्यांनी येतो, आणि तो हरवलेला पाडेली माडावर चढताना किंवा खलाशी हलत्या होडीवरून जेटीवर पाय टाकताना कशावर भरवसा ठेवणार? रुग्ण काय काम करतो हे दाखल्यावर किंवा सोबतच्या अभिप्रायात लिहिणे म्हणूनच गरजेचे आहे.

भरपाईची घाईही नडते. मुका मार लागलेला डोळा दोन महिन्यांत बरा दिसतो आणि काही वर्षांनी त्यात काचबिंदू निघतो. पडदा सुटणे, मोतीबिंदू धरणे हेही उशिरा घडते. क्वचित प्रसंगी, आत खोल जखम झालेल्या डोळ्यामुळे दुसऱ्या, निरोगी डोळ्यालाही सूज येते आणि त्याची दृष्टी धोक्यात येते. कायमचे नुकसान किती हे उपचार स्थिरावल्यावरच, साधारण सहा महिन्यांनी, नीट सांगता येते. मात्र अर्जाच्या मुदती त्यासाठी थांबत नाहीत. अर्ज आधी द्यायचा, अंतिम दाखला नंतर जोडायचा.

पैशाचा विचार येतो तो डोळा वाचला नाही तर. चुना किंवा रसायन गेले तर जागेवरच वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवायचा आणि मगच गाडीत बसायचे. टोकदार काही घुसले असेल तर उलट, धुवायचे नाही, चोळायचे नाही, ते उपसायचे नाही. डोळ्यावर कागदी कप उलटा धरून चिकटपट्टी लावायची आणि निघायचे. कुसळ लागल्यावर औषधांच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालणे सर्वांत घातक, कारण शेतातल्या इजेनंतर बुरशीची लागण होते आणि त्या थेंबांनी ती फोफावते. झाडपाल्याचा रस आणि दूध यांनीही तेच होते.

जूनमध्ये आंबा संपला की नेपाळी मजूर गावाकडे परततात. कित्येकांचे केसपेपर बागेतल्या खोपटात किंवा मालकाच्या घरी राहून जातात. सरकारी रुग्णालयातल्या नोंदीची प्रत रुग्णाला अर्ज करून मागता येते, आणि सोबतच्या नातेवाइकाच्या मोबाइलमध्ये पहिल्याच दिवशी त्या कागदाचा फोटो काढून ठेवायला तर काहीच लागत नाही.