ईमेलची किल्ली कोणाच्या हातात? युरोपचा धडा आणि आपली चळवळ

नोव्हेंबर २०२४ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने इस्रायलच्या पंतप्रधानांविरुद्ध अटक वॉरंट काढले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने या न्यायालयाचे मुख्य अभियोक्ते करीम खान यांच्यावर निर्बंध लादले. मे महिन्यात असोसिएटेड प्रेसने बातमी दिली की, खान यांचे मायक्रोसॉफ्टवरील ईमेल खाते बंद झाले असून ते स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन मेलवर गेले आहेत. न्यायालयाची सेवा आम्ही थांबवलेली नाही, असा खुलासा मायक्रोसॉफ्टने केला. तो खरा मानला तरी एक गोष्ट उरतेच. राष्ट्रप्रमुखांवर वॉरंट काढणाऱ्या न्यायालयाचा पत्रव्यवहार दुसऱ्या देशातील एका कंपनीच्या यंत्रणेवर अवलंबून होता.

युरोपातील सरकारांनी यातून घ्यायचा तो बोध घेतला. पुढच्याच महिन्यात फ्रान्सच्या सिनेटसमोर मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या कायदा विभागाच्या प्रमुखांना शपथेवर विचारण्यात आले की, फ्रेंच नागरिकांची माहिती फ्रेंच सरकारच्या परवानगीशिवाय अमेरिकेला कधीच दिली जाणार नाही, याची हमी द्याल का? आजवर असे घडलेले नाही, पण हमी देता येणार नाही, असे त्यांचे उत्तर होते. याचे कारण अमेरिकेचा २०१८ चा क्लाउड ॲक्ट. सर्व्हर पॅरिसमध्ये असो की मुंबईत, कंपनी अमेरिकन असेल तर तिथली तपास यंत्रणा कायदेशीर आदेश काढून तिच्याकडून माहिती मागू शकते.

जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने तर आधीच पाऊल उचलले होते. मायक्रोसॉफ्ट ऑफिस सोडून लिब्रेऑफिस वापरायचे, असे त्यांनी ठरवले आणि ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४० हजारांहून अधिक सरकारी ईमेल खाती मुक्त स्रोत म्हणजे ओपन सोर्स प्रणालीवर हलवली. डेन्मार्कच्या डिजिटल मंत्रालयानेही त्याच वाटेने जाण्याची घोषणा केली. खुद्द हेगचे न्यायालय आता जर्मनीत तयार झालेल्या ओपनडेस्क या मुक्त स्रोत संचाकडे वळत आहे. मुक्त स्रोत म्हणजे फुकट, असा आपल्याकडे समज आहे, पण तो अर्धवट आहे. ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाही वाचता, तपासता, बदलता आणि स्वतःच्या यंत्रावर चालवता येते, ते मुक्त स्रोत. मालक उद्या बिनसला तरी संहिता तुमच्याकडे राहते. अर्थात हा बदल टिकवावा लागतो. म्युनिक महापालिका २००४ पासून लिनक्सकडे वळली होती, पण २०१७ मध्ये तिथल्या राजकारण्यांनी पुन्हा विंडोजवर जाण्याचा निर्णय घेतला.

हे सगळे युरोपचे भांडण आहे, आपला काय संबंध, असे वाटत असेल तर नायरा एनर्जीचे प्रकरण पाहा. मुंबईत मुख्यालय असलेल्या या तेल कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लावले आणि त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिची सेवा थांबवली. पैसे भरलेले, करार झालेला, भारतीय कायद्याचा भंग नाही, तरीही ईमेल बंद. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा सेवा परत सुरू झाली. ज्या युरोपला अमेरिकेच्या मर्जीची भीती वाटते, त्याच युरोपच्या निर्णयाने भारतातील कंपनीचे कामकाज अडले! म्हणून 'युरोपियन' हा शब्द ऐकून लगेच निर्धास्त होऊ नये. शिवाय नायराकडे दिल्लीतले नामवंत वकील होते. उद्या आपल्या तालुक्यातील एखाद्या बौद्ध युवा संघाचे दहा वर्षांचे फोटो आणि याद्या असलेले खाते बंद झाले, तर दाद कुठे मागणार?

आपल्याला या कंपन्यांचा अनुभव नाही असे नाही. २०१९ मध्ये प्रा. दिलीप मंडल यांच्या खात्यावर ट्विटरने निर्बंध घातले, तेव्हा देशभरातील बहुजन तरुणांनी ट्विटरच्या जातीय वागणुकीविरुद्ध मोहीम चालवली होती. त्याच सुमारास बऱ्याच भारतीयांनी मॅस्टोडॉन या जर्मनीतून सुरू झालेल्या मुक्त स्रोत माध्यमावर खाती उघडली आणि बहुतेकांनी काही आठवड्यांत ती सोडूनही दिली. एप्रिल २०२२ मध्ये गुगलने थेनमोळी सौंदरराजन यांचे जातीवरील व्याख्यान ऐनवेळी रद्द केले. ते आयोजित करणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी नंतर राजीनामा दिला. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' काढला, तेव्हा पैसे मोजूनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. दुसऱ्याच्या छापखान्यावर आपली चळवळ चालत नाही, हे आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच कळलेले आहे. आज मात्र आपल्या जयंती मंडळांपासून शिष्यवृत्ती मार्गदर्शन केंद्रांपर्यंत सगळे दप्तर दोन-तीन अमेरिकन कंपन्यांच्या कपाटात आहे.

आणि त्या दप्तरात काय असते ते जरा आठवून पाहा. नाव, आडनाव, गाव, फोन, आधार क्रमांक, जातीचा दाखला, धर्म, उत्पन्न. इतर कुणाच्या यादीतून फार तर जाहिराती येतील. आपल्या यादीतून कोणत्या गल्लीत कोण राहतो आणि कोणी तक्रार केली, हे बाहेर जाते.

अॅट्रॉसिटीच्या प्रकरणांत काम करताना मी हे जवळून पाहिले आहे. एका प्रकरणात फिर्यादीची प्रत मदतीसाठी म्हणून एका कार्यकर्त्याने ग्रुपवर टाकली. हेतू चांगलाच होता. संध्याकाळपर्यंत ती अनेक ग्रुपवर फिरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरोपींच्या आळीतील माणूस साक्षीदाराच्या दारात उभा होता. प्रतीवर साक्षीदारांची नावे होती, फिर्यादी ताईंचा फोन नंबर होता. कायद्याच्या कलम १५अ मध्ये पीडित आणि साक्षीदारांच्या संरक्षणाची तरतूद आहे, पण ते संरक्षण आम्हीच मोडले होते. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हाच आहे, तरी अशा प्रती आजही ग्रुपवर दिसतात. इथे कोणत्याही कंपनीने काही केले नव्हते. ॲप कोणते होते याने काही फरक पडला नसता.

म्हणून मला वाटते, साधन बदलण्याआधी आपण काय गोळा करतो आणि कोणाला दाखवतो, हे बदलले पाहिजे. शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शनासाठी आधारची प्रत कशाला हवी? शिबिराच्या नोंदणीत पोटजातीचा रकाना कशाला? काम संपले की यादी पुसून टाकायची, हे एवढे तरी आपल्या हातात आहे.

मग साधनांचा विचार. फ्रान्समध्ये तयार झालेल्या क्रिप्टपॅडमध्ये फॉर्म आणि तक्ते कूटबद्ध राहतात, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्यालाही मजकूर वाचता येत नाही. संस्थेकडे थोडे पैसे आणि एक जाणता मुलगा किंवा मुलगी असेल, तर जर्मनीचे नेक्स्टक्लाउड स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते. लिब्रेऑफिस मराठीतही मिळते आणि जुन्या लॅपटॉपवर चालते, त्यामुळे वाचनालयांनी ते आजच घ्यावे. संवादासाठी सिग्नल. ते अमेरिकन आहे, पण ना-नफा संस्थेचे आणि मुक्त स्रोत आहे. अमेरिकेतील न्यायालयीन आदेशानंतर सिग्नलला देता आले ते फक्त खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले एवढेच. व्हॉट्सॲपचे संदेशही कूटबद्ध असतात. पण कोण कोणाशी, कधी बोलते ही माहिती मेटाकडे जमा होते, आणि कार्यकर्त्यासाठी तीच जास्त धोक्याची असते.

या साधनांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. २०२१ मध्ये प्रोटॉनने स्विस कायद्यानुसार आलेल्या आदेशावरून फ्रान्समधील एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता पोलिसांना दिला होता. आपल्याकडे एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल रोखण्याची कारवाई करण्याचे निर्देश केंद्राला दिले. आणि भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरण तर आपल्यासमोर आहेच. रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये ईमेलमधून घातक सॉफ्टवेअर शिरवून त्यांच्या नकळत पत्रे ठेवली गेली, असा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन न्यायवैद्यक कंपनीने २०२१ मध्ये काढला. तपास यंत्रणेने तो मान्य केलेला नाही. यंत्रातच कोणी शिरले तर तुमचे ॲप युरोपचे आहे की अमेरिकेचे, याने काहीही वाचत नाही. अनोळखी जोडपत्र उघडू नये, फोन अद्ययावत ठेवावा, हे कंटाळवाणे सल्ले तिथे जास्त उपयोगाचे.

'स्वदेशी वापरा' असेही हल्ली सांगितले जाते. केंद्र सरकारचे ईमेल झोहोकडे गेले आहेत. परदेशी आदेशाचा धोका त्याने कमी होईल, हे मान्य. पण झोहो मुक्त स्रोत नाही, आणि आपल्याला फक्त परदेशी सरकारचीच काळजी आहे असेही नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर आलेल्या २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात मात्र केंद्राला आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार आहे. याच कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचे कलम बदलले, आणि जनहितासाठी अशी माहिती देण्याचा त्या कलमातील मार्ग काढून टाकला. सामान्य माणसाचे उघडे, अधिकाऱ्याचे झाकलेले, असा हा उलटा न्याय आहे.

आमच्या गटाने सहा महिन्यांपूर्वी प्रकरणांच्या याद्या क्रिप्टपॅडवर नेल्या आणि बोलणे सिग्नलवर. पहिल्या महिन्यात निम्मे लोक परत व्हॉट्सॲपवर आले, कारण विहारातल्या आया-मावश्या तिथेच आहेत. शेवटी असे ठरले की वर्षावासाचे कार्यक्रम, वंदनेच्या वेळा, जयंतीची वर्गणी व्हॉट्सॲपवरच राहू द्यायची. फिर्याद, दाखले आणि साक्षीदारांची नावे मात्र तिथे टाकायची नाहीत. दोघांनी चुकून टाकली. दोन्ही वेळा पाच मिनिटांच्या आत कोणीतरी फोन करून ती काढायला लावली. एकदा तो फोन एका मावशींनीच केला होता.