जायका आणि जौक

ईद जवळ आली की मराठी मित्रमंडळींचा ठरलेला प्रश्न असतो : शीरखुर्मा कधी? बिर्याणीची फर्माईशही होते. प्रेमानेच विचारतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपण काय वाचतो, हे वर्षभरात कुणी विचारत नाही. आपला जायका साऱ्यांना ठाऊक, जौक कुणालाच नाही.

अरबीत हे दोन्ही शब्द एकाच धातूचे. मूळ अर्थ चाखणे. कुरआनात मृत्यूसाठीही चाखण्याचेच क्रियापद येते, इतका तो अर्थ खोल आहे. मराठीतही रुची आणि अभिरुची सख्ख्या बहिणीच. तरी मुसलमानाचे नाव निघाले की पहिलीच आठवते, दुसरी नाही.

मात्र सारा दोष त्यांच्यावर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. उर्दू शाळांच्या स्टाफरूममध्ये काय बोलले जाते? जौक म्हणजे उर्दू. मराठी एसएससीपुरती, नोकरीपुरती, तहसील कचेरीपुरती. एखादी मुलगी मराठीत कविता लिहू लागली तर घरचे विचारतात, 'क्या फायदा?' आणि उर्दू तरी किती वाचली जाते? भिंतीवर गालिबची तसबीर आणि टेबलावर न उघडलेला दीवान. याला जौक म्हणायचे की दिवाणखान्याची सजावट?

मराठी परकी म्हणणाऱ्यांनी जरा मागे पाहावे. सतराव्या शतकात शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. शाहीर सगनभाऊंच्या लावण्या पेशवाईत गाजल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांचा आवाज गावोगाव घुमला. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते काही जेवणावळीसाठी नव्हते.

खुद्द मराठीने तर आपल्या शब्दांना कधीच पाट मांडला आहे. 'बेचव' शब्द घ्या : 'बे' फारसी, 'चव' मराठी. 'मजा' हा तर मूळचा फारसीतला चवीचाच शब्द. भाषेला हे मिश्रण पचले. सोवळे पाळतो आहोत आपण.

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात मराठीचे एकच कपाट आहे. त्यात जुनी पाठ्यपुस्तके आणि गाइडे, गोष्टीची पुस्तके हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. पोषण आहाराच्या खिचडीला चव नाही, असे पालकसभेत दरवेळी कुणीतरी उठून सांगते, आणि सांगायलाच हवे. त्या कपाटाबद्दल आजवर एकही पालक उठलेला नाही.